त्यांच्या वतीनं

प्रश्न सोळावा होता. कागद पोरीच्या हातात होता तरी आकडा बेबीताईला उलटा वाचता आला, कारण तोवरच्या पंधरा प्रश्नांची उत्तरं तिनंच दिली होती. पोरीचं नाव आकांक्षा. गळ्यात दवाखान्याचा पट्टा, पट्ट्याला तिचा फोटो, बोलणं पुण्याकडचं, गोड. 'गेल्या महिन्याभरात शर्टाची बटणं लावताना अडचण आली का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी?' असं ती बेबीताईच्या नवऱ्याकडे, चंद्रभानजींकडे, पाहून विचारायची आणि बेबीताई बाजूनं सांगून टाकायची, "नेहमी. बटन मीच लावतो न त्यायचे." पंधरावा झाला तशी पोरीनं पेन टेबलावर ठेवलं. "काकू, रागावू नका हं. पण हे काकांच्या आयुष्याबद्दल आहे. त्यांनाच बोलू द्या ना." आता बोला! ज्या माणसाला चहा घेता का म्हणून विचारलं तर उत्तर यायच्या आधी चहावर साय धरते, त्याला म्हणे बोलू द्या. बरं बाई, बोलू दे. बेबीताई पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली. पोरीनं सोळावा प्रश्न वाचला. 'घरच्या माणसांकडून हवा तसा आधार मिळत नाही, असं तुम्हाला वाटलं का?' चंद्रभानजींचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, तो तेवढा फिरत राहिला. पोरगी खरोखरच थांबली. इतकं कोणी थांबत नाही. आणि मग चंद्रभानजी म्हणाले, "नेहमी." पोरीनं चौकटीत खूण केली आणि सतरावा प्रश्न वाचायला घेतला.

बाहेरच्या बाकावर येऊन बसेपर्यंत बेबीताईला काहीच झालं नाही. याचंच तिला नवल वाटलं. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात, मग आपणच बोट लावून पाहतो गाल जागेवर आहे की नाही, तसं ती त्या शब्दाला हात लावून पाहत राहिली. नेहमी. लागत नव्हतं. चार वर्षं झाली, सकाळी तोंड धुवून देण्यापासून झोपताना कूस बदलून देण्यापर्यंत या माणसाचं सगळं तिच्या हातानं होत होतं. आत्ताही पहाटे उठून, डबा करून, अकोल्याहून एसटीनं अमरावतीला आणलं होतं, राजापेठेपर्यंत ऑटोत धरून बसवलं होतं, आणि माणूस परक्या पोरीला सांगतो, आधार मिळत नाही, नेहमी. दुसरी एखादी असती तर तिथंच डोळ्याला पदर लावून बसली असती. बेबीताईनं पिशवीतून डबा काढला, पोळीचा तुकडा आलूच्या भाजीत मऊ केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. घास तोंडात तसाच राहिला. "चावा," ती म्हणाली, तेव्हा ते चावायला लागले. डॉक्टरांकडे यांचा नंबर बावीस होता, आतमध्ये नववा गेला होता.

मग तिच्या डोक्यात आलं की यांची उत्तरं उशिरा येतात. कदाचित ते 'नेहमी' सोळाव्याचं नसेलच. पंधरावा प्रश्न होता, चारचौघांत बोलताना अवघडल्यासारखं होतं का. त्याचं उत्तर बेबीताईनं फटकन देऊन टाकलं होतं, पण यांचं स्वतःचं उत्तर तेव्हा निघालं असेल आणि पोचेपर्यंत सोळावा आला असेल. होतं असं. घरी तर रोज होतं. उठून जावं आणि त्या पोरीला सांगावं की बाई, ते खोड, ते आधीच्या प्रश्नाचं आहे. तिनं डब्याचं झाकणसुद्धा लावलं. पण उठली नाही. पोरीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, पुन्हा थांबली असती, आणि पुन्हा तेच उत्तर आलं असतं तर काय करायचं होतं? त्यापेक्षा हे बरं. अर्धंच माहीत असलेलं बरं. श्रावणात हे न्हाणीत पडले तेव्हा ती मोरीवर दुधाचा गंज घासत होती. धप्प आवाज झाला. आवाज कशाचा, हे तिला पहिल्या क्षणी कळलं. तरी तिनं गंज विसळला, पालथा घातला, हात पुसले, आणि मग गेली. फार तर अर्धं मिनिट. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात राग नव्हता, कंटाळा नव्हता, मरो मेलं असंही नव्हतं. काहीच नव्हतं. गंज स्वच्छ निघाला पाहिजे एवढंच होतं. आज त्या पोरीच्या कागदानं विचारल्यावर तिला प्रथम दिसलं की आधार म्हणतात तो त्या अर्ध्या मिनिटात घरात कुठंच नव्हता.

माळ्याचं घर यांचं. सासऱ्यांचा फुलमळा होता तिथं आता प्लॉट पडलेत, अकोल्यातलं दुकान तेवढं राहिलं. लग्नाचे हार, नवरदेवाची गाडी, मांडवाचं दार, मयतीचं सामान, सगळं. चंद्रभानजींचा हात असा होता की गिऱ्हाईक समोर उभं राहून नुसतं पाहायचं. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याच्या तारा काढायचे आणि बोलता बोलता गजरा बांधायचे, नजर रस्त्यावर. नजर रस्त्यावर आणि तोंड बंद. बोलणारा माणूस नव्हताच तो कधी. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दुकानातलं एक फूल बेबीताईच्या डोक्यात गेलेलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं टोपलीतला एक मोगऱ्याचा गजरा उचलला होता. कोणी नवी नवरी उचलेल तसाच. चंद्रभानजी तेव्हा सव्वीस वर्षांचे, म्हणाले, "ठेव. माल होय तो." रागानं नाही म्हणाले. ओल्या फडक्याखाली हात घालून गजरा परत ठेवताना तिला उलट बरंच वाटलं होतं, माणूस धंद्याचा पक्का आहे म्हणून. नंतर शेजारणी विचारायच्या, फुलवाल्याची बायको आणि डोकं उघडं कसं? ती म्हणायची, "हलवाई काय रोज पेढे खाते काय वो?" आणि हसायची. हसून हसून ते खरंच झालं.

मग हा कंपवाताचा रोग आला. आधी उजवा हात, मग पाय, मग चेहरा. दोन वर्षांमागं डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला आणखी एक दिली, बारकी, पांढरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. महिन्याभरात हात मोकळा झाला. घरात दिवाळी. मुलगा कुंदन दुकान पाहत होता, त्याला बापानं फोन करून सांगितलं, पोतंभर झेंडू पाठव. पाठवला. अंगणात बसून त्यांनी हार ओवले, एक, दोन, दहा, आणि बेबीताईनं देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं. मग तिच्या लक्षात आलं की ओवून झालेला हार हे कात्रीनं कापतात, फुलं परातीत सोडतात आणि पुन्हा ओवायला घेतात. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. "अवो, उठा ना, पॅन्ट ओली झाली न तुमची!" "एवढा एक होऊ दे." कूलरला हार, फाटकाला हार, गॅसच्या हंड्याला हार, कुंदनच्या गाडीला रोज नवा. गल्लीतले लोक विचारायचे, काय हो, कोणाचं लग्न? आणि हे हसायचे. बोलायचे, गायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून चहा पाजायचे. एवढं बोलणं या माणसाच्या पोटात होतं तर ते चाळीस वर्षं कुठल्या फडक्याखाली झाकून ठेवलं होतं, कोण जाणे.

आणि एका दुपारी त्यांनी हाक मारली, "बेबी." नावानं कधी हाक मारलेली नव्हती, 'ऐकलं का' म्हणायचे. ती ओल्या हातानं आली. "बस इथं." त्यांनी मोगऱ्याचा गजरा तिच्या डोक्यात माळला. साठीची बाई, केसांची शेंडी उंदराच्या शेपटीएवढी राहिलेली, त्यात त्यांनी दोनदा पडलेला गजरा तिसऱ्यांदा नीट बसवला आणि थोडं मागं होऊन पाहिलं. "काय दिसून राह्यली तू!" बेबीताईला रडू आलं होतं तेव्हा. खरं खरं रडू, घशातून आलेलं. मग त्यांनी दाराची कडी लावली. त्या दुपारपासून रोज दुपारी कडी. तिची कंबर धरायची, गुडघे बोलायचे, बाहेर सून दामिनी भांडी वाजवून वाजवून लावायची, आणि नाही म्हटलं तर हे लहान पोरासारखे मोठ्यानं रडायचे, गल्लीला ऐकू जाईल असे. लाजेनं मेली ती त्या चार महिन्यांत. आणि हीच बाई सकाळी लवकर न्हायची, दुपारपर्यंत केस सुकलेले असावेत म्हणून. हे तिनं देवालाही सांगितलेलं नाही.

बैठकीच्या भिंतीवर सासू-सासऱ्यांचे फोटो आहेत, हार घातलेले. शेजारी कुंदनच्या पोरीचा, प्रणालीचा, गॅदरिंगमधला फोटो, परीच्या ड्रेसातला. एका दुपारी चंद्रभानजींनी तिन्ही फोटोंना हार घातले, पांढऱ्या शेवंतीचे, फ्रेमच्या मापानं नेमके बेतलेले. दामिनी पोरीला शाळेतून घेऊन आली, आणि तिच्या हातातली वॉटरबॅग खाली पडली. "आई! बापा, माही पोरगी जित्ती हाये न!" तिनं हार ओरबाडला, फ्रेम खाली आली, काच फुटली, पोरगी रडायला लागली. कोणाच्या फोटोला हार घालायचा आणि कोणाच्या नाही, हे माळ्याच्या घरात सांगावं लागतं काय? ज्या माणसानं जन्मभर मयतीच्या घरी जाऊन आधी फोटोची लांबी विचारली, त्याला? चंद्रभानजी काचांकडे पाहत म्हणाले, "रिकामा दिसत होता." संध्याकाळच्या गाडीनं दामिनी पोरीला घेऊन तेल्हाऱ्याला माहेरी निघून गेली. पुढच्या तारखेला बेबीताईनं डॉक्टरांना फुलांचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी काही जणांना असं करते. आणखी काही? घरात तुम्हाला काही त्रास?" तिला प्रश्न कळला. ती भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहत बसली. डॉक्टरांनाही कळलं असावं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गोळी हळूहळू कमी होत बंद झाली.

गोळी गेली आणि जाताना सगळं घेऊन गेली. दामिनी परत आली, अंगण स्वच्छ झालं, दुपार मोकळी झाली. चंद्रभानजींना जिथं बसवावं तिथं ते बसू लागले. टीव्हीवर जे लागलेलं असेल ते. नाकावर माशी बसली तर माशी. सुरुवातीला बेबीताईनं समोर फुलांची टोपली ठेवून पाहिली. हातानं जमलं असतं, डॉक्टर म्हणाले होते हात तेवढा वाईट नाही, पण हात निघालाच नाही. अंजनगावचा तिचा भाऊ देवीदास, यांचा जिवाचा दोस्त, दोघं मिळून मोर्शीपर्यंत फुलं घेऊन जायचे, तो गेला तेव्हा हे मयतीत भिंतीला टेकून बसले होते. लोक म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला. परतताना तिनं विचारलं, "तुमाले वाईट नाही वाटलं?" त्यांनी विचार केला आणि खरं सांगितलं, "वाटून नाही राह्यलं." तेव्हाही तिला राग आला नाही. कारण भाऊ तिचा, आणि तिलाही तेरवीच्या स्वयंपाकात मीठ किती टाकायचं याच्यापलीकडे काही वाटत नव्हतं. यांच्याजवळ बसून बसून लागण झाली असावी. पण हे आपल्याला सांगून मोकळे झाले, आपल्याला कोणी विचारलंच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तेही आलं तसं गेलं.

एक गोष्ट मात्र जात नव्हती. तो गजरा त्या माणसानं दिला की गोळीनं? गोळीनं दिला म्हटलं तर तिचं रडू फुकट गेलं, फसून रडली बाई साठाव्या वर्षी. माणसानं दिला म्हटलं, तर मग तो माणूस अजून आत आहे, आणि आपणच डॉक्टरांना सांगून त्याच्यावर झाकण लावलं. आणि 'ठेव, माल होय तो' म्हणणारा खरा धरायचा, तर तो तरी कोणत्या गोळीवर होता? बाकावर बसून तिनं हे उलटं केलं, सुलटं केलं. समोरून नर्स गेल्या, एक पोरगा बापाला चालवत गेला, "पाय उचला बाबा, पाय उचला." बाविसाव्या नंबराची हाक आली.

डॉक्टरांच्या टेबलावर पोरीचा कागद आधीच आला होता. डॉक्टर तो बराच वेळ वाचत राहिले. सोळाव्याशी थांबले की नाही, ते बेबीताईला दिसलं नाही. "चालणं ठीक आहे, हात ठीक आहे," ते म्हणाले, "पण काकांना कशातच गोडी राहिलेली नाही. हे असं जगणं बरं नाही. ती बारकी गोळी आठवते? ती अगदी थोडी, अर्धी अर्धी, पुन्हा सुरू करता येईल. माणसात जरा जान येईल. मागच्यासारखं पुन्हा होऊ शकतं, नाही असं नाही. तुम्ही लक्ष ठेवायचं, काही वाटलं की लगेच फोन करायचा. नाहीतर मग आहे तसंच चालू ठेवू. जबरदस्ती नाही." आणि खुर्ची वळवून त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? सुरू करू या?"

चंद्रभानजींचे ओठ सुटले. बेबीताईला ते दिसलं. इतकी वर्षं त्या तोंडात घास घालून, पाणी घालून, गोळ्या घालून, तोंड कशासाठी उघडतं हे तिला डोळे मिटून कळत होतं. हे खायला उघडलेलं नव्हतं. आत काहीतरी निघालं होतं आणि ते यायला वेळ होता. दामिनी पुन्हा निघून जाईल, पोरगी घाबरेल, अंगणात ओल्या पॅन्टीनं बसतील, हे सगळं तिला सांगता आलं असतं आणि सगळं खरं होतं. पण त्यातलं एकही त्या क्षणी तिच्या मनात नव्हतं. मनात फक्त आपली दुपार होती. एक ते तीन. जेवणं झालेली, दामिनी आपल्या खोलीत, हे खुर्चीवर, आणि बेबीताई फरशीवर पाठ टेकून, जगात कोणाला कशालाच नको असलेली. "नोको साहेब," ती म्हणाली. "त्यायले नोको. त्यायलेच तरास होते मंग. जेवत नाही, झोपत नाही." डॉक्टरांनी एकदा चंद्रभानजींकडे पाहिलं. बाहेर तेविसावा दारात उभा होता. "बरं," म्हणून त्यांनी जुन्याच गोळ्या लिहिल्या. चंद्रभानजींचे ओठ हळूहळू मिटले.

अकोल्याची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. त्यांना आत बसवून ती कडेला बसली, त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं, तोंड पुसलं. बडनेरा गेलं. कपाशी फुटलेली होती दोन्ही अंगांना, पांढरीशुभ्र, मध्ये मध्ये तुरीची हिरवी ओळ. ती पाहत होती आणि पाहत नव्हती. खोटं बोललो आपण, हे तिला कळत होतं. खोटं बोलल्यावर काहीतरी व्हायला पाहिजे होतं, तेही होत नव्हतं. गाडी खड्ड्यात आपटली की चंद्रभानजी एका अंगाला कलायचे, ती खांद्यानं त्यांना सरळ करायची, एवढं चाललं होतं. मूर्तिजापूर यायला थोडं होतं तेव्हा ते बोलले. रस्त्याकडे पाहतच बोलले, आवाज बारीक, पण शब्द सगळे.

"मले पाह्यजे होती."

"काय?" तिनं विचारलं. ऐकू आलं होतं.

"गोयी." पुढच्या सीटवरच्या बाईनं पोराला बिस्किट दिलं, पोरानं ते खाल्लं. "तवा मले वाटत होतं. चांगलं, वाईट. वाटत होतं."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून वर्षभरात आलं नव्हतं. बेबीताईचं तोंड उघडलं, सवयीनं. दामिनी, पोरगी, काचा, सगळी कारणं ओळीनं तयार होती, रोजच्या वापरातली. ती तिनं गिळली. काय झालं तिला कोण जाणे. "त्यायले नोको असं म्या साहेबाले सांगतलं," ती म्हणाली, "ते खोटं होय. मले नोको होती. मी थकलो." शब्द बाहेर पडल्यावर तिच्या छातीत दुखलं. चांगलं ठणकून दुखलं, आणि तिनं हात तिथं नेला.

चंद्रभानजींनी मान वळवली. ती वळायला वेळ लागला. चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, दुःख नाही, त्या चेहऱ्यावर आता काही येत नसतंच. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, शेंगदाणेवाले चढले, उतरले, गाडी निघाली. गाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "तुले लय तरास होत होता काय?"

बेबीताई हो म्हणायला गेली, आणि त्या सकाळी न्हायलेले, सुकलेले केस मध्ये आले. नाही म्हणायला गेली, आणि दाराची कडी मध्ये आली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना, पण उत्तर काही येईना. चंद्रभानजी तिच्याकडे पाहत होते. घाई करत नव्हते. बोरगाव मंजू आलं आणि गेलं, ते तसेच मान वळवून वाट पाहत होते, आणि तिच्या वतीनं बोलायला त्या गाडीत कोणी नव्हतं.